एक अवघडलेला शब्द

आपल्या घरांतून इंग्रजी शब्दांची जी ये-जा चालू असते, तींत 'एम्बॅरस' हा पाहुणा आतां कायमच्या मुक्कामास आला आहे. आल्यागेल्यासमोर नातवानें आजोबांच्या घोरण्याची नक्कल केली, तें एम्बॅरसिंग. दुकानांत माल बांधून झाल्यावर पाकीट घरीं राहिल्याचें ध्यानांत आलें, तें एम्बॅरसिंग. सभेंत अध्यक्षांनीं आपली तोंड भरून स्तुति केली, तेंही एम्बॅरसिंग. या तीनही प्रसंगीं मनाची स्थिति एकच होती काय? मराठीला विचारलें असतें तर पहिल्या प्रसंगीं घरचीं माणसें वरमलीं, दुसऱ्या प्रसंगीं गिऱ्हाईक ओशाळलें आणि तिसऱ्या प्रसंगीं सत्कारमूर्ति संकोचली, असें तिनें सांगितलें असतें. तीन प्रसंग आणि तीन शब्द.

हा पाहुणा घालवून द्यावा असें सांगण्यासाठीं मी येथें आलों नाहीं. तो चांगल्या कुळांतला आहे. परंतु त्याचें कूळ आपण कधीं विचारलें नाहीं. आणि शाळेंत शब्दांचे अर्थ घोकतांना त्याच्यासमोर 'लाजविणें' असें लिहून आपण जो घोटाळा करून ठेवला आहे, तो मात्र उलगडून पाहण्यासारखा आहे.

इंग्रजींत हा शब्द सतराव्या शतकांत फ्रेंचांतून आला आणि फ्रेंचांत तो स्पॅनिशमधून आला असें मानतात. त्याच्याही पलीकडे गेलें म्हणजे पंडितांत दोन पक्ष पडतात. अडसर या अर्थाचा जो 'बार' शब्द, त्यापासून हा निघाला असें एका पक्षाचें म्हणणें. दुसरा पक्ष पोर्तुगीज भाषेकडे बोट दाखवितो. त्या भाषेंत 'बरासु' म्हणजे दोर, फांस. आणि त्यांत गुरफटणें तें 'एंबरासार'. ज्या श्रोत्यांच्या घरीं गोव्याकडील वडीलधारीं माणसें पोर्तुगीज शिकलेलीं असतील त्यांनीं त्यांना विचारून पाहावें. मला स्वतःला दोराचा पक्ष अधिक आवडतो. पण अडसर घ्या कीं दोर घ्या, दोन्ही वस्तु मनांतल्या नव्हेत. एक दाराला लावावयाची, दुसरी पायांत अडकावयाची. लाजेचा येथें कोठें मागमूसही नाहीं.

फ्रान्समध्यें शब्दाचा हा स्थूल अर्थ पुष्कळ काळ टिकला. बोआलो या कवीनें १६६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या उपहासकाव्यांपैकीं सहावें 'पॅरिसचे आँबारा' या नांवानेंच ओळखलें जातें. त्यांत लाजरेबुजरे पॅरिसकर नाहींत. गाड्यांची कोंडी आहे, चिखल आहे, रात्रभर झोंप लागूं न देणारा गोंगाट आहे. आपल्या गिरगांवच्या किंवा लक्ष्मीरोडच्या रहदारीवर तेव्हां कोणी फ्रेंच कविता लिहिली असती तर तिलाही हेंच नांव शोभलें असतें. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांत 'आँबारा' नांवाची एक नदी आहे. तिच्या पात्रांत वाहून आलेले ओंडके अडकून होड्यांची वाट बंद होई, म्हणून फ्रेंचांनीं तिला हें नांव दिलें. तिकडचे लोक आतां तिचा उच्चार 'अँब्रॉ' असा कांहींतरी करतात. नदी बिचारी कोणासमोर लाजलेली नाहीं. ती तुंबलेली होती.

इंग्रजींत 'संपत्तीचा एम्बॅरसमेंट' अशी एक बोलण्याची रीत आहे. तीही फ्रेंचच. दालेनव्हाल याचें त्या नांवाचें प्रहसन १७२६ सालीं आलें आणि १७३८ सालीं जॉन ओझेल यानें तें इंग्रजींत उतरविलें. येथें एम्बॅरसमेंट म्हणजे संपत्तीची शरम नव्हे. पैशाच्या ढिगानें घरांत पाय ठेवायला जागा उरूं नये, अशांतली अडचण. आपल्याकडे लग्नांत एकाच तऱ्हेच्या सहा समया आहेर म्हणून आल्या म्हणजे यजमानीणबाईंची जी स्थिति होते, ती या प्रकारांतली.

याच्या उलट दुसरें टोंक आहे. 'अमुक गृहस्थ एम्बॅरस्ड परिस्थितींत आहेत' असें जुन्या इंग्रजी कादंबरींत वाचलें, कीं ते लाजत आहेत असें समजूं नये. ते कर्जांत बुडालेले आहेत. ज्या काळीं देणें न फेडणाऱ्याला तुरुंगांत घालीत, त्या काळीं हा शब्द फार सोयीचा होता. 'कर्जबाजारी' म्हटलें कीं दोष त्या माणसाचा होतो. 'एम्बॅरस्ड' म्हटलें कीं दोष परिस्थितीचा होतो, माणूस केवळ दोरींत अडकलेला असतो. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ सालीं देण्यापायीं लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत जावें लागलें होतें, आणि 'डेव्हिड कॉपरफील्ड' मधला मिकॉबर कोठून आला असावा तें यावरून समजतें. आपल्यालाही अशा वेळीं झांकणारे शब्द लागतातच. 'सध्यां जरा ओढाताण आहे,' असें आपण म्हणतों. ओढाताणींतही दोर आहेच कीं!

आपल्या न्यायालयांत हा शब्द आजही त्याच्या जुन्या वेषांत भेटतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत, सहाव्या आदेशाच्या सोळाव्या नियमांत, फिर्यादींतला किंवा कैफियतींतला जो मजकूर दाव्याच्या न्याय्य चौकशीला 'एम्बॅरस' करील तो खोडून टाकण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला आहे. दाव्याची चौकशी म्हणजे कोणी नवी सून नव्हे कीं तिनें पदर तोंडाशीं न्यावा. मजकूर असा गुंतागुंतीचा आहे, कीं खरा वाद कोठें आहे तेंच उमगूं नये, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या ओळखीचे एक वकील म्हणतात, कीं पहिल्या वर्षीं हा नियम वाचतांना तरुण मंडळी हटकून हंसतात. दहा वर्षें वकिली झाल्यावर कोणी हंसत नाहीं.

परंतु हा शब्द आपल्या देशाच्या इतिहासांत ज्या ठिकाणीं सर्वांत जोखमीचा ठरला तें ठिकाण न्यायालय नव्हे. सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध सुरू झालें आणि व्हाइसरॉयांनीं हिंदी पुढाऱ्यांचा सल्ला न घेतां हिंदुस्थान युद्धांत पडल्याचें जाहीर केलें. कांग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. पुढें काय करावयाचें? सामुदायिक चळवळ सुरू करावी असा आग्रह धरणारे पुष्कळ होते. गांधीजींनीं त्या वेळीं जें धोरण मांडलें त्याला इंग्रजींत 'नॉन-एम्बॅरसमेंट' असें नांव मिळालें. ब्रिटन जिवावरच्या संकटांत असतां त्याची कोंडी करून आपला लाभ साधावयाचा नाहीं. पण युद्धाविरुद्ध बोलण्याचा आपला हक्कही सोडावयाचा नाहीं. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवाव्या, या प्रश्नांतून वैयक्तिक सत्याग्रह निघाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वर्ध्याजवळच्या पवनार येथें विनोबा भाव्यांनीं युद्धविरोधी भाषण करून त्याचा आरंभ केला. निवडलेला एकेकच मनुष्य पुढें यावयाचा, बोलावयाचा आणि तुरुंगांत जावयाचा. कारखाने बंद पाडणें नाहीं, गाड्या अडविणें नाहीं.

आतां या शब्दाचें मराठी आपण शाळेंतल्या वहीप्रमाणें केलें, तर 'सरकारला न लाजविण्याचें धोरण' असें होईल. आणि तें सत्याच्या नेमकें उलट होईल! सत्याग्रहाचें मर्मच मुळीं प्रतिपक्षाच्या अंतःकरणांतली लाज जागी करण्यांत आहे. विनोबांसारखा निःस्पृह मनुष्य केवळ चार वाक्यें बोलला म्हणून त्याला तुरुंगांत टाकावें लागतें, याची राज्यकर्त्यांना आणि जगाला लाज वाटावी, हाच तर त्यांतला हेतु होता. लाजवावें, पण अडवूं नये, असें तें धोरण होतें. दोन वर्षें पुरीं होण्याआधींच, ८ ऑगस्ट १९४२ रोजीं, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव' चा ठराव झाला आणि अडवूं नये हा भागही मागें पडला. तें धोरण बरोबर होतें कीं नव्हतें, याचा वाद इतिहासकारांवर सोपवूं. एका क्रियापदाचा अर्थ चुकला तर एका महान् चळवळीचा अर्थ कसा पालथा होतो, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

मग हा रस्त्यावरचा शब्द माणसाच्या गालांवर केव्हां चढला? एकाएकीं नव्हे. अठराव्या शतकांतल्या इंग्रजींत माणसेंही एम्बॅरस होत, पण तीं गोंधळांत पडत, पेंचांत सापडत. पुढें पुढें पेंच बाहेरचा राहिला नाहीं. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ च्या कादंबरींत एलिझाबेथ डार्सीचा वाडा पाहावयास जाते. तो घरीं नाहीं अशी तिची खात्री असते, आणि बागेंत तो अकस्मात् समोर उभा राहतो. दोघेंही लाल होतात, दोघांनाही शब्द सुचत नाहीं. रस्ता मोकळा आहे, बाग मोठी आहे, पण दोघांचे पाय जणूं एकाच दोरांत अडकले आहेत. तिनें कोणतेंही पाप केलेलें नाहीं, त्यानेंही नाहीं.

चार्ल्स डार्विननें १८७२ सालीं भावनांच्या आविष्कारावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत चेहरा लाल होण्याला एक अख्खें प्रकरण दिलें आहे. त्यासाठीं त्यानें जगभरच्या लोकांना पत्रें लिहून माहिती मागविली होती. त्याचा निष्कर्ष असा, कीं चेहऱ्यावर लाली चढते ती अपराधाच्या जाणिवेनें नव्हे; इतर लोक आपल्याविषयीं काय समजत असतील, या विचारानें चढते. एकांतांत केलेल्या अपराधाचा पश्चात्ताप होईल, पण गाल लाल होतीलच असें नाहीं. आणि पूर्ण निर्दोष माणसावर संशयाची नजर वळली कीं त्याचा चेहरा मात्र बदलतो. आपल्या भाषेंत अशा वेळीं चेहरा लाल होत नाहीं, गोरामोरा होतो. हा वर्णाचा फरक आहे कीं नजरेचा, हें रंगशास्त्र्यांनीं पाहावें. पुढें १९५६ सालीं अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानें याच विषयावर एक निबंध लिहिला, आणि हा विकार एकट्याचा नसून बैठकीचा असतो, एकजण गोंधळला कीं समोरचेही गोंधळतात, असें दाखविलें. तबल्याची साथ चुकली म्हणजे गवयाआधीं श्रोतेच खालीं पाहूं लागतात, हा अनुभव आपल्याला आहेच. स्पॅनिश लोक याला 'परक्याची लाज' म्हणतात.

स्पॅनिशचें नांव निघालेंच आहे तर ज्या गोष्टीसाठीं मी हा विषय मनापासून घेतला ती सांगतों. स्पॅनिश भाषेंत याच कुळांतला 'एम्बारासादा' असा शब्द आहे. कोणी इंग्रज बाई तो आपल्याच भाषेंतला समजून, 'मी फार एम्बारासादा झालें आहें,' असें स्पेनमध्यें बोलली, तर ऐकणारे तिला बसायला खुर्ची देतील आणि कितवा महिना म्हणून विचारतील. त्या शब्दाचा तिकडचा अर्थ गरोदर. दोन भाषांतला हा विनोद पुष्कळांनीं सांगितला आहे आणि तो ऐकून इंग्रज लोक पोट धरून हंसतात.

मराठी मनुष्यानें मात्र हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. कारण दिवस भरत आलेल्या स्त्रीला आपण काय म्हणतों? 'अवघडलेली.' आणि चारचौघांत नको त्या विषयाला तोंड फुटलें म्हणजे आपल्याला काय वाटतें? 'अवघडल्यासारखें.' हजारों कोसांवरच्या दोन भाषा, एकीचा दुसरीशीं या बाबतींत कांहीं संबंध नाहीं, आणि दोघींनीं एकाच शब्दाच्या पोटांत या दोन अवस्था ठेवल्या! मांडी घालून फार वेळ बसलें कीं पाय अवघडतो. एका कुशीवर निजलें कीं मान अवघडते. चढण अवघड असते, गणित अवघड असतें. जेथें हालचाल अडते तेथें तेथें आपला हा शब्द हजर असतो, आणि तेथूनच तो मनांत शिरला. इंग्रजी शब्द रस्त्यावरून मनांत गेला, आपला अंगांतून मनांत गेला, एवढाच भेद. इंग्रजींतला 'ऑकवर्ड' कानाला 'अवघड' सारखा लागतो खरा, पण तो केवळ योगायोग. त्याचें मूळ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेंत आहे आणि अर्थ 'उलट्या दिशेचा'.

एवढा चांगला शब्द घरांत असतां 'एम्बॅरस' ला 'लाज' हा प्रतिशब्द कोणीं लावून दिला, न कळे. आपल्याकडे या भावनेच्या छटा मोजूं गेलें तर बोटें पुरत नाहींत. रागावून बोलायला गेलेला मनुष्य आपलीच चूक ध्यानांत येतांच थंड पडतो, तो वरमतो. वादांत हरलेला खजील होतो. ओशाळण्यांत उपकाराचें ओझें असतें. 'मी कोणाचा ओशाळा नाहीं' हें वाक्य ऐटीनें उच्चारतात तें त्यामुळेंच. श्रीमंत नातेवाइकांच्या मेजवानींत आपली विचारपूस करायला कोणी नसलें म्हणजे कानकोंडें होतें. याला इंग्रजींत एका शब्दाचा पर्याय मला तरी सांपडलेला नाहीं. नाहीं म्हणतां येत नाहीं ती भीड. तिला आपल्या पूर्वजांनीं भिकेची बहीण ठरविली आहे. या सगळ्यांत लाज एकटीच वेगळी, कारण तिच्या पाठीशीं दोष असतो, किंवा निदान दोषाची शंका असते. म्हणूनच 'लाज नाहीं वाटत?' ही शिवी होते. 'अवघड नाहीं वाटत?' ही कधींच होत नाहीं.

हा भेद केवळ कोशकारांचा नाहीं. डॉक्टरसमोर बसलेली बाई छातींतल्या गांठीविषयीं बोलतां बोलतां थांबते, किंवा वयस्क गृहस्थ मूळव्याधीचें नांव काढावयाचें टाळून झोंपेची तक्रार सांगत बसतात. त्यांना आपण काय म्हणतों? 'अहो, लाजतां काय?' आपला हेतु धीर देण्याचा असतो. पण ऐकणाऱ्याच्या कानीं पडतें तें असें, कीं येथें लाजण्यासारखें कांहींतरी आहे, आणि तें या माणसाच्याही ध्यानांत आलें आहे. दोष नसतां दोषाचा उच्चार झाला. 'सांगायला अवघड वाटत असेल तर थांबून सांगा, नाहींतर कागदावर लिहून द्या,' असें म्हटलें तर तीच अडचण माणसाच्या बाहेर ठेवली जाते, एखादा ओंडका प्रवाहांतून काढून कांठावर ठेवावा तशी. 'अवघड जागीं दुखणें आणि जांवई वैद्य' ही म्हण आपण हंसत हंसत सांगतों. पण दुखण्याचें नांव न घेतां आल्यामुळें उपचाराची वेळ टळलेलीं माणसें पाहिलेला कोणीही वैद्य त्या म्हणीला फारसा हंसत नाहीं.

वैद्यकांतली इंग्रजी अजून हा शब्द त्याच्या जुन्या अर्थानें वापरते, हें शेवटीं सांगावयाचें राहिलें. रोग्याच्या कागदावर 'रेस्पिरेटरी एम्बॅरसमेंट' असें लिहिलेलें असतें तेव्हां त्याचा श्वासोच्छ्वास कष्टानें चालला आहे, कोठेंतरी अडत आहे, असें समजावयाचें असतें. आणि येथें शब्दाचे दोन्ही अर्थ कधीं कधीं एका ताटावर येऊन बसतात. पंक्तींत जेवतांना एखाद्याच्या घशांत घांस अडकतो. त्याला खोकतां येत नाहीं, बोलतां येत नाहीं; आणि चारचौघांत तमाशा नको म्हणून तो मुकाट्यानें उठून मोरीकडे किंवा बाहेर चालूं लागतो. असे लोक एकट्यानें बाजूला गेल्यामुळेंच दगावतात, म्हणून प्रथमोपचार शिकविणारे मंडळींना बजावून सांगतात, कीं जेवणावरून कोणी असा एकाएकीं उठला तर त्याच्या मागोमाग जावें आणि 'घास अडकला का?' असें सरळ विचारावें. तोंडानें उत्तर आलें तर काळजीचें कारण थोडें आहे. उत्तर न येतां हात नुसता गळ्याकडे गेला, तर मदतीला हांक मारावी आणि तेथल्या तेथें पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्यें, तळव्यानें जोरानें थापट्या मारायला लागावें.